नाही नाही म्हणता

पाच वजा वजा तीन.
उत्तर आठ. सातवीतल्या पोरीलाही येतं.
आमचा सर्व्हर मात्र पाच म्हणायचा,
कारण दोन आडव्या रेघा लागोपाठ दिसल्या
की त्याला वाटायचं, पुढचा सगळा शेरा आहे,
माणसांनी माणसांसाठी लिहिलेला,
आपण वाचायचं कारण नाही.
तीन गिळून तो निर्धास्त पुढच्या ओळीला लागायचा.

चार दिवस मी त्या दोन रेघांपाशी बसून आहे,
वरूडच्या अलीकडे, बाबाजी कुकड्यांच्या गोडाऊनवरच्या खोलीत.
खाली संत्र्याचे कॅरेट, वर मी, एक इन्व्हर्टर,
आणि टॉवरकडे तोंड करून
खिडकीच्या गजाला तारेनं बांधलेला राऊटर.

मनकर्णाकाकू डबा आणते.
तू जेवलीस का, विचारलं, तर म्हणते,
"नाई नाई म्हनता दोन भाकरी झाल्या ना वं."

नाही. नाही.
आणि दोन भाकरी.
घास तसाच हातात राहिला माझ्या.
जुन्या कोडात मग मी एवढंच घातलं:
दुसऱ्या रेघेनंतर मोकळी जागा आहे का, आधी बघ.
असेल तरच शेरा. नसेल तर थांब आणि मोज.
सात ओळी. त्यातली एक रिकामी.

दुसरा दोष असा भाकरीवर सुटणारा नव्हता.
दोन व्यवहार. एकानं पहिलं टेबल धरलेलं, त्याला दुसरं हवं.
दुसऱ्यानं दुसरं धरलेलं, त्याला पहिलं.
दोघेही सभ्य, दोघेही वाट पाहणारे.
पहारेकऱ्यानं अशा वेळी एकाला मागे सारायचं,
ज्यानं कमी लिहिलंय त्याला.
पण आमचा पहारेकरीच कधी कधी
वाट पाहणाऱ्यांच्या यादीला लावलेल्या कुलपापाशी
रांगेत उभा राहायचा.
हजारातून एकदा. तेही दुसऱ्यांच्या मशीनवर,
माझ्याकडे कधीच नाही.

रात्री साडेबाराला शेतीची लाईन आली.
गोडाऊनमागची विहीर सामायिक.
सुदाम बिजव्याकडे स्टार्टरच्या पेटीची चाबी,
धाकट्या श्रावणकडे वालचं चाक, काढून घरी नेलेलं.
"त्यानं वाल खोलला तं मी चाबी लावतो."
"त्यानं चाबी लावली तं मी वाल खोलतो."
दोन बॅटऱ्या, विहिरीच्या दोन अंगांना,
धुक्यात एकमेकींच्या तोंडावर.
मोटर गप्प. पाटात कोरडी पानं.

दोनला कुकडे बाबाजी मफलर गुंडाळून उतरले.
आला पहारेकरी, मी म्हटलं.
पण ते गेले आणि काठावर टेकले.
त्यांचीही पाइपलाइन त्याच विहिरीतून जाते,
बोलायचं तर कुणाच्या बाजूनं?
तीन विड्या पेटलेल्या दिसल्या.

मला वरून सगळा फेरा दिसत होता
कारण माझं त्या पाण्यात काहीच नव्हतं.

मग मी पहारेकऱ्याला रांगेतून काढलं.
कुलूप मागायचं नाही,
यादीची एक नक्कल घ्यायची, थोडी शिळी असली तरी चालेल,
आणि बाजूला उभं राहून फेरा शोधायचा.
पहाटेपर्यंत चाळीस हजार वेळा चालवून पाहिलं.
एकदाही अडकलं नाही.

सहाच्या सुमाराला श्रावणची निर्मला चाक घेऊन आली,
कुणाशी न बोलता तिनं ते वालवर बसवलं.
श्रावण घरी निघून गेला होता.
सर्व्हरमध्ये माघार घेणाऱ्याचं सगळं लिखाण पुसलं जातं,
तो आलाच नव्हता असं होतं.
श्रावणचं तसं होणार नाही.
पुढच्या बहाराला तो ही रात्र काढेल.

दोन तास पाणी मिळालं. आठला लाईन गेली.

हा बदल का केला,
दूरदेशीचा तपासनीस विचारणार, नेहमीच विचारतो.
त्याला कारणं इंग्रजीत, मुद्देसूद दिली.
आणि चाचणीच्या फाइलीत, अगदी वर,
दोन आडव्या रेघा, मग मोकळी जागा,
मग सर्व्हर कधी वाचणार नाही असं:
बिजव्यांच्या विहिरीवरून.